विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाची तीन वर्षे: एका हिशेबी घराचा अभिप्राय

कोथरूडच्या आमच्या घरातून वर्षाकाठी विमानाचे तीन प्रवास ठरलेले असतात. दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा उन्हाळ्यात नागपूरला माझ्या सासरी, आणि वर्षातून एकदा सिंगापूरला लेकीकडे. चौथा प्रवास झालाच तर कुणाच्या तरी लग्नानिमित्त दिल्लीचा किंवा बंगळूरचा. एवढ्या प्रवासाच्या भरवशावर मी तीन वर्षांपूर्वी एका विमान कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड घेतले, तीन वर्षे ते नेटाने वापरले आणि गेल्या महिन्यात बंद केले. त्या कार्डाचे, बँकेचे आणि विमान कंपनीचे नाव मी येथे देत नाही. माझी तक्रार अर्धीअधिक माझ्याच निवडीबद्दल आहे, आणि जे माझ्या बाबतीत घडले ते थोड्याफार फरकाने कोणत्याही को-ब्रँडेड, म्हणजे बँक आणि दुसरी कंपनी मिळून काढतात त्या, कार्डावर घडू शकते. सर्वांना माहीत असलेल्या कार्डांच्या जाहीर नियमांबद्दल लिहिताना मात्र नावे घेतली आहेत.

हे कार्ड मी विमानतळावरच्या टेबलापाशी घेतले. विमानाला तासभर उशीर होता, टेबलापलीकडचा मुलगा अदबीने बोलणारा होता, आणि "मॅडम, पहिल्या वर्षीच तिकीट फुकट, लाउंज फुकट, आणि पॉइंट तर काय, मिळतच राहणार," हे वाक्य त्याने इतक्या सहजतेने म्हटले की सव्वीस वर्षे दुसऱ्यांची हिशेबाची पुस्तके तपासणाऱ्या मला फक्त वार्षिक शुल्क विचारावेसे वाटले. ते ३,००० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० रुपये होतात, हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केले आणि स्वतःवर खूश झाले. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच होता: ही कंपनी पुण्याहून नागपूरला थेट जाते का? ती जात नव्हती. आमच्या चारातले दोन प्रवास त्या कार्डाच्या कक्षेबाहेर होते, आणि ते मला त्या टेबलापाशीच ठाऊक होते.

म्हणून अशा कार्डाची निवड करताना कार्डापासून सुरुवात करू नये, आपल्या विमानतळापासून करावी, असे माझे मत झाले आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी आज एकट्या इंडिगोने जातात, आणि पुणे, नागपूर यांसारख्या शहरांतून तर अनेक मार्गांवर दुसरा पर्याय मुश्किलीनेच सापडतो. मुंबईकरांची गोष्ट निराळी आहे. तिथून एअर इंडिया आहे, आखाती कंपन्या आहेत, सिंगापूर एअरलाइन्स आहे, त्यामुळे एकाच कंपनीशी निष्ठा ठेवणे तिथे परवडते. पुण्यात राहणाऱ्याने मुंबईहून निघणाऱ्या विमानाचे कार्ड घेतले, तर प्रत्येक 'फुकट' तिकिटामागे द्रुतगती महामार्गाचा टोल आणि टॅक्सीचे भाडे जोडूनच त्याची किंमत करावी. नागपूरच्या बाबतीत तर ऑगस्ट २०२५ पासून पुणे ते अजनी (नागपूर) वंदे भारतही धावते. तिला बारा तास लागतात, तरी सासूबाईंना ती विमानापेक्षा बरी वाटते, कारण तिच्यात डबा उघडून जेवता येते.

या व्यवहाराचा पाया काय आहे तेही थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ॲडव्हान्टेज ही नेहमीच्या प्रवाशांसाठीची योजना सुरू केली तेव्हा माइल्स, म्हणजे तिकिटासाठी वटवता येणारे पॉइंट, खरोखरच उडलेल्या मैलांवर मिळत असत. १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर त्या योजनेचे क्रेडिट कार्ड आले आणि विमानात पाऊल न ठेवताही माइल्स जमू लागले. आपण दुकानात कार्ड चालवतो तेव्हा दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून बँकांकडे काही टक्के कमिशन जाते. त्यातल्या पैशांतून आणि आपल्या वार्षिक शुल्कातून कार्ड देणारी बँक विमान कंपनीकडून पॉइंट विकत घेते आणि आपल्याला वाटते. विमान कंपनीला रोख पैसे आज मिळतात, तिकीट द्यावे लागते पुढे कधीतरी, आणि कित्येकदा द्यावेच लागत नाही. हा धंदा किती भक्कम आहे याचा अंदाज करोनाच्या काळात आला. विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली मायलेजप्लस ही योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. म्हणजे विमाने उडत नव्हती तेव्हाही सावकारांच्या दृष्टीने पॉइंटांना पत होती. आपल्या दृष्टीने मात्र ते असे चलन आहे, जे छापणाराच त्याचा भावही ठरवतो.

आता माझ्या घराचा हिशेब. आमचा वर्षभरातला कार्डावरचा खर्च साधारण ४,८०,००० रुपये असतो. त्या मुलाने कागदावर याच आकड्याला १०० रुपयांमागे २ पॉइंटांनी गुणून ९,६०० पॉइंट मांडून दाखवले होते. घरी आल्यावर नियम-अटींचे पत्रक वाचले, तेव्हा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, कशावर पॉइंट मिळत नाहीत याची यादी सापडली. विम्याचे हप्ते नाहीत, पेट्रोल नाही, वीजबिल आणि सोसायटीचा देखभाल खर्च नाही, सोने नाही, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम नाही. आमचे विम्याचे ६२,०००, पेट्रोलचे ५४,०००, वीज आणि सोसायटीचे ६६,००० आणि पाडव्याला घेतलेल्या सोन्याचे ४८,००० असे २,३०,००० रुपये त्या यादीने एका फटक्यात वजा केले. उरले २,५०,०००, म्हणजे वर्षाला ५,००० पॉइंट. मध्यमवर्गीय घराचा मोठा खर्च नेमका याच रकान्यांत असतो, त्यामुळे जाहिरातीतला दर आपल्या एकूण खर्चाला लावणे ही पहिली चूक ठरते. अशी यादी आज जवळजवळ प्रत्येक कार्डाला असते. ती आधी वाचावी आणि मगच गुणाकार करावा.

दुसरी चूक निव्वळ माझी, आणि ती सांगताना अजूनही थोडे ओशाळल्यासारखे होते. वर्षात ३,००,००० रुपयांचा मोजला जाणारा खर्च झाला, तर एका तिकिटाचे व्हाउचर मिळणार होते. आमचे ५०,००० कमी पडत होते. मी फेब्रुवारीत, जुना फ्रिज चांगला चालू असताना, ५२,५०० रुपयांचा दोन दारांचा नवा फ्रिज या कार्डावर घेतला आणि मार्चअखेर होण्याच्या आत लक्ष्य गाठले म्हणून निर्धास्त झाले. व्हाउचर आले नाही. चौकशी केली तेव्हा समजले की कार्डाचे वर्ष कार्ड सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजले जाते, आणि माझे वर्ष १८ जानेवारीलाच संपले होते. आयुष्यभर ३१ मार्च हाच वर्षाचा शेवट मानणाऱ्या माणसाला हा धडा महागात पडला. फ्रिज दुसऱ्या वर्षाच्या खात्यात गेला, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या वर्षी व्हाउचर मिळाले हे खरे, पण फ्रिजचे दार उघडताना मला अजून ती तारीख आठवते.

व्हाउचरवर 'एक मोफत तिकीट' असे छापलेले होते. ते सहा महिन्यांत वापरायचे होते, दिवाळी आणि नाताळचे दिवस त्यातून वगळलेले होते आणि त्यात केवळ मूळ भाडे धरलेले होते. मुंबई ते दिल्ली या ७,१५० रुपयांच्या तिकिटात मूळ भाडे ५,६०० होते. उरलेले १,५५० रुपये मला रोख भरावे लागले. पॉइंटांच्या बाबतीतही हेच झाले. पुणे ते बंगळूर दोघांच्या तिकिटांसाठी मी १४,७०० पॉइंट वटवले. पडद्यावर आधी मोठ्या अक्षरांत '१४,७०० पॉइंट' एवढेच दिसत होते, पुढच्या पानावर कर आणि शुल्क म्हणून १,७८० रुपयांची ओळ उगवली. विमानतळ वापरण्याचे शुल्क, सुरक्षा शुल्क आणि जीएसटी या रकमा सरकारच्या आणि विमानतळाच्या असतात, त्यांना पॉइंट चालत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण काही कंपन्या स्वतःचा इंधन अधिभारही याच ओळीत बसवतात, आणि परदेशी प्रवासात तो मूळ भाड्याला टक्कर देईल एवढा मोठा असू शकतो. म्हणून पॉइंटाची किंमत काढताना तिकिटाच्या रोख किमतीतून आधी ही ओळ वजा करावी आणि मगच पॉइंटांनी भागावे. माझ्या तिकिटांचे मूळ भाडे ७,३५० रुपये होते. १४,७०० पॉइंटांनी भागले की एका पॉइंटाला पन्नास पैसे.

सरकारी लेखापालासारखी तीन वर्षांची बेरीज मांडते. पॉइंटांतून ७,३५०, व्हाउचरमधून ५,६००, मिळून १२,९५० रुपयांचा लाभ. तीन वर्षांचे शुल्क १०,६२०. निव्वळ हाती २,३३० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे पासष्ट. याच तीन वर्षांतला मोजला गेलेला ८,०२,५०० रुपयांचा खर्च मी वार्षिक शुल्क नसलेल्या आणि सरसकट एक टक्का परत देणाऱ्या साध्या कार्डावर केला असता, तर काहीही न करता ८,०२५ रुपये खात्यात आले असते. ना व्हाउचरची मुदत सांभाळायची होती, ना फ्रिजची घाई.

लाउंजचे, म्हणजे विमानतळावरच्या खाण्या-बसण्याच्या दालनाचे, कौतुक मला फारसे नाही, तरी त्याबद्दल दोन शब्द. सुरुवातीला कार्ड दाखवले की आत सोडत. मग आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च झाला असेल तरच प्रवेश, असा नियम आला, आणि आता बहुतेक बँकांनी या ना त्या स्वरूपात तो आणला आहे. एका पहाटे मी लाउंजच्या दारातल्या मशीनवर दोन रुपयांचे स्वाइप केले आणि ते नाकारले गेले. आधीच्या तिमाहीत १,८०० रुपये कमी पडले होते. यजमानांनी पगाराच्या खात्याचे रुपे डेबिट कार्ड पुढे केले, ज्याला आम्ही कधी शुल्क भरल्याचे आठवत नाही, आणि ते चालले. मग ते आत उपमा खात बसले आणि मी बाहेर, माझ्या ३,५४० रुपयांच्या कार्डासह, चहाच्या रांगेत. वर्षातून चार-पाच वेळा विमानात बसणाऱ्याने लाउंजसाठी कार्ड घेऊ नये, एवढेच सांगते.

परदेशातल्या खर्चाचा मुद्दा त्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि 'प्रवासाचे कार्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डांच्या जाहिरातीत तो सर्वांत कमी दिसतो. बहुतेक कार्डांवर परकीय चलनातल्या व्यवहारावर ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचे बँकेचे शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. सिंगापुरातल्या एका मुक्कामात आम्ही कार्डावर साधारण ६५,००० रुपये खर्चले, त्यावर २,६८५ रुपये मार्कअपपोटी गेले आणि १,३०० पॉइंट, म्हणजे ६५० रुपये, मिळाले. वर काढलेला तीन वर्षांचा २,३३० रुपयांचा सगळा नफा या एका मुक्कामात वाहून गेला. त्याच मुक्कामात लिटल इंडियातल्या एका दुकानात मशीनच्या पडद्यावर 'रुपये की सिंगापूर डॉलर' असा प्रश्न आला. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून मी त्यावर बोट ठेवणार, तेवढ्यात लेकीने माझा हात धरला. "आई, डॉलरच. रुपयांचा भाव तो लावतो, तुझी बँक नाही." रुपये निवडले की तिथल्या यंत्रणेचा वाढवलेला विनिमय दर लागतो, आणि कित्येक बँका अशा व्यवहारावर वेगळे शुल्कही घेतात. परदेशात असा प्रश्न आला की नेहमी तिथले चलन निवडावे. एक दिलासा असा की परदेशात प्रत्यक्ष वापरलेल्या आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डावरचा खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेच्या योजनेत) धरण्याचा निर्णय सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला, त्यामुळे त्यावर टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापला जात नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या कार्डावरचा पॉइंटांचा दर निम्म्यावर आला. ईमेल महिनाभर आधी आला होता, त्यामुळे नियमाने कुणाची चूक नाही. हे एका कार्डापुरते नसते. एअर इंडिया एसबीआय सिग्नेचर कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटांसाठी १०० रुपयांमागे ३० पॉइंट मिळत, ते ३१ मार्च २०२५ पासून १० झाले, आणि प्लॅटिनमवर १५ चे ५. विमान कंपनीच बदलली तर काय होते, तेही गेल्या पंधरा वर्षांत आपण पाहिले आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशर थांबली, तेव्हा तिच्या किंग क्लबचे माइल्स कागदावरच राहिले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, तरी जेपीमाइल्स वाचले, कारण ती योजना वेगळ्या कंपनीकडे होती आणि तिच्यात अबू धाबीच्या इतिहाद या विमान कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी होती. पुढे तिचेच इंटरमाइल्स झाले. मात्र ज्या विमानासाठी ते माइल्स जमवले होते ते विमानच राहिले नव्हते. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या प्रमाणात एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये गेले, म्हणजे ठेव बुडाली नाही. पण विस्ताराच्या कार्डांची गंमत पॉइंटांत नव्हतीच. ॲक्सिसच्या विस्तारा सिग्नेचर कार्डावर ३,००० रुपयांच्या शुल्कात प्रीमियम इकॉनॉमीचे एक तिकीट मिळत असे, आणि तो सौदा कुठलेही गणित न करता पटणारा होता. तसे साधे, डोळ्यांना दिसणारे सौदे आता दुर्मीळ झाले आहेत. या सगळ्यातून माझा नियम एवढाच: पॉइंट साठवून ठेवू नयेत. बँकेत ठेवलेल्या पैशावर निदान व्याज मिळते, साठवलेल्या पॉइंटांची किंमत फक्त उतरते.

मग घ्यावे कोणते? परदेशी विमान कंपन्यांची कार्डे भारतात मिळतात. आयसीआयसीआयची एमिरेट्स स्कायवर्ड्सची कार्डे आहेत, एसबीआय कार्डचे क्रिसफ्लायर या सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेचे आहे. ज्यांची मुले अमेरिकेत किंवा आखातात आहेत आणि जे दरवर्षी मुंबईहून दुबईमार्गेच जातात, त्यांना एमिरेट्सचे कार्ड शोभते, कारण प्रत्यक्ष उड्डाणाचे आणि कार्डाचे माइल्स एकाच खात्यात पडतात. दर दोन वर्षांनी जो स्वस्त मिळेल त्या विमानाने जाणाऱ्यांना ते शोभत नाही.

दुसरा प्रकार बँकांच्या स्वतःच्या ट्रॅव्हल कार्डांचा. यांच्यावर मिळालेले माइल्स बँकेकडे राहतात आणि आपल्याला हवे तेव्हा अनेक विमान कंपन्यांपैकी एकीच्या खात्यात वळवता येतात. एक कंपनी बुडाली किंवा तिने भाव पाडला तरी आपण अडकत नाही, हा यांचा खरा गुण. माझ्या मते आज विमानप्रवासासाठी कार्ड घ्यायचेच असेल, तर विमान कंपनीच्या नावाचे न घेता या प्रकारातले घ्यावे. ॲक्सिस बँकेचे ॲटलस हे त्याचे बोलके उदाहरण. त्याचे शुल्क ५,००० रुपये, जीएसटीसह ५,९००. साध्या खर्चावर १०० रुपयांमागे २ एज माइल्स (बँकेचे स्वतःचे पॉइंट), विमान कंपनीकडून थेट घेतलेल्या तिकिटावर ५, आणि बहुतेक भागीदार कंपन्यांकडे वळवताना एका एज माइलचे दोन माइल्स होतात. मात्र यावरही वर सांगितलेली वगळ-यादी आहे, आणि सिंगापूर एअरलाइन्ससारख्या मागणी असलेल्या भागीदारांच्या गटाकडे वर्षाला ३०,००० एज माइल्सच वळवण्याची मर्यादा नंतर घालण्यात आली.

मी ते घ्यायच्या बेतात होते. आधी सिंगापूरला जाणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर आठवडाभर रात्री बसून तिकिटे पाहिली. जाऊन-येऊन एका माणसाला ३७,००० माइल्स आणि वर ९,००० रुपये कर, असा सवलतीचा दर होता. जुलैत तेच तिकीट रोखीने २४,००० ला मिळत होते, म्हणजे माइलला जेमतेम ४१ पैसे. नाताळच्या सुट्टीत ते ४२,००० ला होते, म्हणजे ८९ पैसे. मात्र नाताळच्या तीन आठवड्यांत सवलतीच्या दराची एकही जागा दिसली नाही. सगळ्या रकान्यांत 'प्रतीक्षा यादी' किंवा जवळजवळ दुप्पट माइल्सचा दुसरा दर. जागा सापडली ती जानेवारीच्या अखेरीस, जेव्हा रोख भाडे ३१,००० होते. तेव्हाचा भाव ५९ पैसे. आता आमचा मोजला जाणारा २,५०,००० रुपयांचा खर्च घ्यावा. ५,००० एज माइल्स, त्यांचे १०,००० माइल्स, आणि ५९ पैशांनी त्यांची किंमत ५,९०० रुपये. वार्षिक शुल्कही ५,९००. बाकी शून्य. इतकी नेटकी वजाबाकी मी नोकरीतही क्वचित पाहिली असेल. तिकिटांवरचे जादा माइल्स आणि ठरावीक खर्चावर मिळणारे बोनस धरले तर थोडे हाती लागेल, पण ते मिळवण्यासाठी पुन्हा फ्रिज घेण्याची माझी तयारी नव्हती.

हेच कार्ड मुंबईत राहणाऱ्या माझ्या दिरांच्या हातात सोन्यासारखे आहे. ते सल्लागार म्हणून महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जातात, तिकिटे आणि हॉटेले स्वतःच्या कार्डावर घेतात आणि कंपनी पैसे परत करते. त्यांचा वर्षाचा खर्च आमच्या कित्येक पट, त्यातला मोठा भाग ५ माइल्सच्या दराने, आणि शाळेची सुट्टी सांभाळायची नसल्यामुळे जागा मिळेल त्या तारखेला जाण्याची मोकळीक. ते गेल्या वर्षी वहिनींना घेऊन माइल्सवर बिझनेस क्लासने गेले. बिझनेस क्लासचे रोख भाडे आपण कधीच भरले नसते, त्यामुळे त्याचा भाव लावून माइलला दोन रुपये सुटले असे म्हणणे मला हिशेब तपासणारी म्हणून मान्य नाही, पण आनंद झाला हे मी नाकारत नाही. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. ते आधी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जागा आहे हे पाहतात आणि मगच बँकेतून माइल्स वळवतात. एकदा वळवलेले माइल्स बँकेत परत येत नाहीत, आणि क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांत बाद होतात.

थकबाकी ठेवणाऱ्या घराने तर या विषयाकडे वळूच नये. क्रेडिट कार्डावरचे व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के असते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीस टक्क्यांची वार्षिक मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा जुना आदेश रद्द केला, त्यामुळे तो आधारही नाही. ४०,००० रुपयांची थकबाकी एक महिना राहिली, तर व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,६५२ रुपये होतात, आणि त्या ४०,००० वर मला माझ्या कार्डाने दिले असते ४०० रुपयांचे पॉइंट.

अखेर मी दोन कार्डांवर आले. घरखर्चासाठी कॅशबॅकचे एक साधे कार्ड, आणि सिंगापूरसाठी परकीय चलनावर मार्कअप न लावणारे, वार्षिक शुल्क नसलेले दुसरे. या प्रकारात फेडरल बँकेचे स्कापिया २०२३ पासून आहे, आणि इतर बँकांचीही काही आहेत. स्कापियाचे पॉइंट त्यांच्याच ॲपवर प्रवासासाठी वापरावे लागतात, ही अडचण मोठी नाही, भाड्याची तुलना मात्र बाहेर करून घ्यावी. नागपूरची तिकिटे मी आता ज्या दिवशी जे स्वस्त असेल ते घेते.

जुने कार्ड बंद करायला फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, या वर्षीचं शुल्क माफ करून देऊ का?" तीन वर्षांत ही सोय एकदाही कुणी सुचवली नव्हती. ज्यांना कार्ड ठेवायचे आहे त्यांनीही वर्ष भरण्याच्या महिनाभर आधी हा फोन जरूर करावा. मी नको म्हटले आणि बंद करण्याची विनंती ईमेलनेही पाठवली, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देणे बाकी नसेल तर कार्ड सात कामकाजी दिवसांत बंद करावे लागते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. पाचव्या दिवशी बंद झाल्याचा संदेश आला. खात्यात १,८५० पॉइंट उरले होते. तेवढ्यात तिकीट येत नव्हते, पण शिलाईच्या पेटीएवढ्या एका प्रवासी पिशवीसाठी ते पुरत होते, म्हणून ती मागवली. ती अजून यायची आहे.